रुमालाखालचा हात

खांद्यावरचा रुमाल ओढायचा, एकदा झटकायचा, समोरच्याच्या मनगटावर टाकायचा आणि म्हणायचं, "तोंड मिटा, हात द्या." आमच्या इंदापूरच्या जनावरांच्या बाजारात आबांचा सौदा असा सुरू व्हायचा. रुमाल बाकीचे दलालही टाकायचे, पण त्यांचा रुमाल म्हणजे नुसतं फडकं. आबांनी टाकला की भांडणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. मी स्वतः गप्प झालेलो आहे, आणि मला गप्प करणं किती अवघड आहे ते भिगवणपासून इंदापूरपर्यंत कुणालाही विचारा.

नाव लिहीत नाही. बाजार त्यांना आबा म्हणायचा, तेवढं पुरे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुमालाखाली विकणारा आणि दलाल एकमेकांची बोटं धरतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, अख्खा पंजा आवळला की पाच. भोवती घोळका उभा असतो, पण आकडा कळतो तो दोन हातांनाच. मग दलाल उठतो, घेणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकतो आणि त्याची बोटं ऐकतो. विकणाऱ्याची अब्रू राहते, घेणाऱ्याचीही राहते. दलालाचा हात मात्र पक्का लागतो. आबांचा हात कोरडा, ऊबदार आणि दगडासारखा स्थिर असायचा.

मी दुसऱ्याच्या म्हशी राखून वर आलो. कुणाच्या बापाच्या जिवावर व्यापारी झालो नाही. नव्वदनंतर आमच्याकडे जो तो जर्सी गाय मागायला लागला, तेव्हा मी नगरकडून गायी आणून विकायचो. माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. चूक त्याची आहे. बायको लवकर गेली. घरी गेलो की रेडिओ बोलायचा. म्हणून बाजाराचा दिवस मला सणासारखा वाटायचा, आणि त्या सणातले आबा हे एकटेच असे होते, ज्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता.

तोही एकदा चढवला. माझी एक बांडी गाय विकायची होती. आबांनी रुमाल टाकला, मी हात दिला आणि दचकलो. त्यांचा तळवा थंडगार होता, आणि पाण्यातून काढल्यासारखा ओला. आमच्या बाजारात एक म्हण होती, ओला हात खोटा हात. ज्याच्या मनात खोट असते त्याच्या तळव्याला घाम सुटतो, असा सगळ्यांचा समज. माझाही होता.

"आबा, काय लपवताय?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"जरा वारा घेऊन येतो," एवढंच ते म्हणाले. सदऱ्याचं वरचं बटण उघडलं आणि लिंबाखाली जाऊन बसले.

भाव पाडायची ही नवी तऱ्हा असेल असं समजून मी भांडायला मागे गेलो. पाहतो तर आबांनी छाती धरलेली, ओठ पांढरे, श्वास धाप लागल्यासारखा. म्हणाले, "शेठ, मी चाललो. लेकीला सांगा."

त्यांना उचलून माझ्या टेंपोत घातलं. मागे ती बांडी गाय तशीच बांधलेली होती. तिला उतरवायला कुणाला सवड होती? बारामतीच्या दवाखान्याच्या फाटकात वॉचमन आडवा आला.

"पेशंट कोनचा?"

"बिनशिंगाचा!" मी ओरडलो. "सर बाजूला."

डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. म्हणाले, "काहीही झालेलं नाही. घरी न्या." मला आनंद झाला. आबांचा चेहरा मात्र उतरला. परत येताना टेंपोत ते म्हणाले, "शेठ, काय बी न्हाय म्हणत्यात. मग मेल्यागत का झालं मला?"

हा प्रश्न मी पुढे किती तरी दिवस डोक्यात घेऊन फिरलो. काहीच झालं नसेल, तर माणूस मेल्यासारखा कसा होतो?

ते पुन्हा झालं. एसटीत झालं, पुतण्याच्या लग्नाच्या मांडवात झालं, बाजारात तर झालंच. दर वेळी पट्टी काढायची, दर वेळी पट्टी चांगली निघायची. आणि दर चांगल्या पट्टीगणिक आबांची पत एकेक पायरी उतरायची. "आबाला नाटकं सुचाया लागली," बाजार म्हणायला लागला. आबा मूळचे पळसदेवचे. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. देवऋषी म्हणाला, पाण्यातलं लागलंय. उतारा टाकला, कोंबडं गेलं. कोंबड्याशिवाय कुणाला काही फरक पडला नाही.

मग आबा जपून जगायला लागले. एसटीत बसेनात. मांडवात गेले तर चप्पल सोडायच्या जागी उभे राहायचे, म्हणजे निसटता येईल. बाजारात फाटकाजवळ बसायचे. पुढे फाटकापर्यंतही येईनात. भीती एकदा येऊन गेली की माणूस भीतीची वाट बघत बसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा कामचुकार झाला.

थंडीत एक दिवस त्यांची बायको माझ्याकडे आली. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. दारातच उभी राहिली.

"भावजी, हे बोलंनात. भाकरी पुढं ठिवली तर भाकरीकडं बघत बसत्यात. पहाटंचंच जागं व्हत्यात अन् भिताडाकडं त्वांड करून पडत्यात."

मी तडक गेलो. आबांची दाढी वाढलेली, चहा समोर निवलेला. मला एकच औषध येत होतं, ते मी दिलं. चांगलं झापलं. "उठा, आबा! असं मनाला लावून घ्यायचं न्हाय."

आबा हळूच म्हणाले, "मी कुठं लावून घेतलं, शेठ? आपसूक लागलंय."

बारामतीच्या डॉक्टरांनी मागेच सुचवलं होतं की पुण्याहून मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा येतात, त्यांना दाखवा. पण 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. आबा म्हणाले, "मी येडा न्हाय."

"तुमच्यासाठी कोन म्हनतंय?" मी म्हणालो. "मला झोप लागत न्हाय. मला दाखवायचंय. सोबतीला चला."

सौद्यात असं बोलावं लागतं. आणि झोपेचं मी अगदीच खोटं बोलत होतो असंही नाही.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या. आत गेल्यावर मी आबांना पुढच्या खुर्चीत बसवलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "लबाड." पण उठले नाहीत.

बाईंनी विचारलं, "भीती वाटते तेव्हा किती वाटते? थोडी, मध्यम की फार?"

आबांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे बाकावर माणसं बसलेली, त्यांतली दोन आमच्या बाजारातली. आबांचा हात उगाच खांद्यावरच्या रुमालाशी चाळा करत होता. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात आलं. मी तो रुमाल ओढला, झटकला, त्यांच्या मनगटावर टाकला आणि त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

"तोंड मिटा, हात द्या."

रुमालाखाली मी एक बोट दाबलं. त्यांनी ते झिडकारलं. दोन दाबली. झिडकारली. मग त्यांनीच माझा अख्खा पंजा आवळला.

"बाई, पाच," मी म्हणालो. "याच्यापुढं आकडा न्हाय."

बाईंना आधी काहीच कळेना. समजावून सांगितल्यावर त्या हसल्या, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "उदास किती वाटतं, विचारा." पुन्हा पंजा. "झोप?" एक बोट, तेही अर्धं. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "जीव नकोसा होतो का?"

रुमालाखालचा हात बराच वेळ हलला नाही. सोबत आलेल्या वहिनी बाहेर बसल्या होत्या. मग त्या ओल्या हातानं माझी दोन बोटं दाबली.

मी ते तोंडानं बोललो नाही. माझी दोन बोटं टेबलावर ठेवली. बाईंनी ती पाहिली, आणि त्या दिवशी बाहेरच्या माणसांना पुष्कळ वेळ थांबावं लागलं.

बाईंनी आबांना जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. त्या म्हणाल्या, "आबा, तुमच्या घरी कुत्रं आहे?"

"हाय."

"चोर नसताना कधी भुंकतं?"

"कवा कवा रातभर."

"तसं आहे. शरीरात एक राखणीचं कुत्रं असतं. धोका दिसला की भुंकतं. छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास वाढतो, म्हणजे पळता यावं. तुमचं कुत्रं चोर नसताना भुंकतंय. भुंकणं खोटं नाही. तुम्ही नाटक करत नाही. फक्त चोर नाही. म्हणून पट्टीत काही सापडत नाही."

आबांनी मान वर केली. त्यांच्या प्रश्नाला कुणीतरी पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं.

"आणि ही उदासी?" मी विचारलं.

"भीती आणि उदासी या जावा-जावा. पुष्कळदा एकीमागून दुसरी घरात येते."

मला मात्र कारण हवं होतं. दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय मी जनावर घेत नाही. "बाई, एक कारण सांगा. पाण्याचं हाय, घरचं हाय, का रक्तातलं हाय?"

"तुम्ही गायींचा व्यापार करता ना? मग गाय बुजरी कशानं होते?"

"आई बुजरी असली तर होते," मी म्हणालो. "लहानपणी कुणी मारलेली असली तर होते. गाडीची धडक बसली तर होते. उपाशी ठेवली, एकटीच बांधली तरी..." आणि बोलता बोलता थांबलो.

"यांतलं एकच कारण निवडा," बाई म्हणाल्या.

आबा तेवढ्यात आपणहून बोलले. "माझा बाप असाच व्हता. गाव पाण्यात गेल्यावर नव्या घराकडं पाठ करून बसायचा. दिस दिस बोलायचा न्हाय. आमी म्हनायचो, म्हातारा आळशी झाला." मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "त्याला कुनी इचारलंच न्हाय, किती."

गोळ्या लिहून झाल्यावर मी विचारलं, किती दिवस?

"बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने."

"तीन करा."

"सहा."

"चार. आन् दर वेळी मी स्वतः घेऊन येतो."

"सहा," बाई म्हणाल्या, "आणि दर वेळी तुम्ही स्वतः घेऊन यायचं."

आबा हसले. खोकल्यासारखं, पण हसले. "शेठ, बाई पक्क्या हायत. उठा आता."

गोळ्यांनी लगेच काही होत नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं. आबा चिडायचे, "इख देतीया ती बाई." वहिनींनी गोळ्यांचा डबा कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली आपल्या कनवटीला लावली. मला दुसरं काम होतं, आबांना एसटीत बसवायचं. पहिल्यांदा बारामतीच्या स्टँडवर उभ्या गाडीत नुसतं बसायचं आणि उतरायचं. मग पुढच्या थांब्यापर्यंत. मग त्याच्या पुढच्या. श्वास सावकाश सोडायचा, भीती आली तर उतरून पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत बसून राहायचं. कंडक्टर ओळखीचा झाला. "आज कुठवर, आबा?" त्यानं विचारलं की आबा म्हणायचे, "आज भ्या कुठवर जातंय ते बघू."

उन्हाळ्यापर्यंत आबा बाजारात परतले. लिंबाखाली बसले, रुमाल झटकला. पहिला हात माझाच होता. पण त्या दिवशी माझं जनावर नव्हतं. रुमालाखाली आबांनी तीन बोटं दाबली. मला कळलं. आजची भीती तीन.

मी दोन दाबली. दोनला द्या.

"ह्यात बी घासाघीस व्हय?" आबा हसून म्हणाले. मग विचार करून अडीचला आले.

पुढे दर बाजारी आमचा हा सौदा ठरलेला. भोवती माणसं जमायची. जनावर दिसायचं नाही, भाव कळायचा नाही, आणि आम्ही दोघं गंभीर तोंडं करून बोटं दाबत बसलेलो. एकानं तर अफवा उठवली की आम्ही दोघं मिळून साखर कारखान्याजवळची जमीन घेतोय. आम्ही नाही म्हणालो नाही.

एकदा आकडा सांगून झाल्यावर आबांनी हात सोडला नाही. "आता तुमचा सांगा."

"माझा कशाचा?"

"घरी जाता, रेडिओ लावता. झोप लागत न्हाय म्हनला व्हता. किती?"

मी हात काढून घेतला. "आमाला काय धाड भरलीय?"

आबांनी रुमालाची घडी घातली. "बरं," म्हणाले. "भाव सांगायची सक्ती नसती."

हे असंच चाललं असतं. पण एका बाजारात तंबाखूची पिशवी काढताना आबांच्या बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी खाली पडली. ती उचलली एका झुपकेदार मिशांच्या व्यापाऱ्यानं, ज्याचा मेहुणा औषधाच्या दुकानात होता. संध्याकाळपर्यंत सगळा बाजार बोलत होता, आबा डोक्याच्या गोळ्या खातोय. पुढच्या बाजारी आबांनी रुमाल टाकला तर माणसं हात मागे घ्यायला लागली. "राहू द्या, आबा. तोंडानंच ठरवतो." कोणी म्हणालं, "ज्याचं चित्त जाग्यावर न्हाय, त्याच्या बोटावर गाय कशी द्यायची?" गंमत बघा. चित्त जाग्यावर नव्हतं तेव्हा त्याला नाटक म्हणाले, आणि गोळ्यांनी जाग्यावर आल्यावर वेडा म्हणाले.

मी त्या मिशाळाची गचांडी धरली. चार लोकांनी सोडवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण गचांडी धरून कुणाचा हात रुमालाखाली आणता येत नाही.

आबा लिंबाखाली बसून राहायचे. गुडघ्यावर रुमाल पसरलेला, त्याखाली त्यांचा एकट्याचा हात. मग मी हट्टाला पेटलो. माझा प्रत्येक सौदा आबांच्याच हातून. गाय, कालवड, शेरडूसुद्धा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर गिऱ्हाईक सोडलं. एके दिवशी आबा म्हणाले, "शेठ, तुमी मला दावणीला बांधून वैरण घालताय."

"मग काय झालं?"

"मी दलाल हाय. दलालाला दोन बाजू लागत्यात. एका बाजूचा दलाल म्हंजी गडी."

मी चिडलो. उपकार करणाऱ्या माणसाला असं बोलतात का? आजही मला ते बोलणं लागतं.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस उजनीचं पाणी फार उतरलं. आबा म्हणाले, पळसदेवला चला, देऊळ उघडं पडलंय. दुपार कलल्यावर गेलो. चिखल वाळून भेगाळला होता, त्यावरून चालत देवळापर्यंत पोचलो. आबांनी घर कुठं होतं, तालीम कुठं होती, बाप कुठं बसायचा, सगळं दाखवलं. जिथं बोट दाखवलं तिथं काहीच नव्हतं. मग आम्ही एका दगडावर बसलो. पाण्यावर बगळे होते. आबांनी आपणहून रुमाल टाकला.

एक बोट.

हात कोरडा होता. ऊबदार. आबांचा जुना हात.

"एक? पक्का सौदा?"

"पक्का."

इतका आनंद मला गाय दुप्पट भावानं विकल्यावरही झाला नव्हता. परत येताना मोटारसायकलची मूठ धरली तेव्हा दिसलं, माझ्या तळव्याला बारीक कोरडी माती लागली होती. वाळल्या चिखलातून हिंडलो होतो, लागली असेल, असं म्हणून पँटला पुसली.

पुढच्या बाजारी आबा आले नाहीत. घरी गेलो तर कुलूप. शेजारीण अंगणात भांडी घासत होती.

"लेकीकडं गेली की दोघं. सोलापूरच्या पल्याड. समदं सामान घेऊन गेली. आता न्हाय यायची."

"कवा ठरलं?"

"लई दिस झालं की. तुमाला न्हाय सांगितलं?"

मला नाही सांगितलं. मी तसाच बारामती गाठली, डॉक्टरबाईंकडे तक्रार करायला. बाई म्हणाल्या, "मला सांगून गेले. तिकडच्या डॉक्टरांची माहिती घेऊन गेले. गोळ्या मध्येच सोडणार नाहीत."

म्हणजे बाईंना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. माझ्या हातात तेवढं एक बोट दिलं. तो हात खरंच कोरडा होता, की घाम लपवायला माती चोळली होती? पैलवान चोळतात तशी? मी बाईंना हेच विचारलं.

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण रोज जिथं हात मागे घेतले जातात, तिथून निघून जाणं हासुद्धा बरं होण्याचा भाग असू शकतो. कदाचित तुमच्या तोंडावर सांगणं त्यांना जड गेलं असेल." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का हो?"

मी उठून निघून आलो.

लेकीचं गाव मला ठाऊक होतं. गेलो नाही. ज्यानं सांगितलं नाही त्याच्या दारात मी का जावं? सौदा मोडणाऱ्यानं आधी यायचं असतं.

दोनेक वर्षं गेली. बाजारात रुमाल कमी होत गेले. नवे व्यापारी तोंडानंच भाव बोलतात, ओरडतात, मोकळे होतात. कुणी कुणाचा हात धरत नाही. एके दिवशी सोलापूरकडून कडब्याची गाडी घेऊन एक ड्रायव्हर आला. तरणा माणूस, गमत्या. म्हणाला, "शेठ तुमीच न्हवं? आमच्या गल्लीत एक आबा हायत. त्यांनी निरोप दिलाय."

"कसे हायत?"

"झ्याक! नातीला शाळंत सोडत्यात. पारावर बसत्यात. गोळ्या खात्यात, अन् समद्यांना सांगत्यात बी. आमच्या चुलतीला डाक्टरकडं त्येंनीच न्हेलं. पारावर बसून तिच्या हातावर रुमाल टाकला अन् म्हनलं, किती, ते सांग. लई हासलो आमी."

मी विचारलं, "निरोप काय?"

"काय न्हाय. म्हनलं, शेठचा हात कसा हाय, इचारून ये."

"सांग, बरा हाय."

"बास?"

"बास."

कडबा उतरला. ड्रायव्हरनं निघताना, शहरात देतात तसा, हात पुढे केला. मी धरला. आणि का कोण जाणे, खांद्यावरचा रुमाल ओढून दोघांच्या हातांवर टाकला. तो हसायला लागला. "काय घेता काय, शेठ?"

मी त्याची चार बोटं दाबली, नीट, एकेक करून, आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

त्याला ती बोली येत नव्हती. तो हात सोडवून गाडीत चढला आणि तोच हात स्टीअरिंगवर ठेवून सोलापूरच्या रस्त्याला लागला.